पुण्याचा बंदोबस्त आणि पुणेकरांचा निर्धास्तपणा



हे व्याख्यान संपले की आपण सारे घरोघर जाऊ. कोणी शनिपाराकडे वळेल, कोणी लकडी पूल ओलांडून डेक्कनच्या बाजूस जाईल, आणि वाटेत पानाच्या गादीशी थांबून वक्त्याची चार उणीदुणी काढण्याचा पुणेकरांचा वंशपरंपरागत हक्कही बजावला जाईल. सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे घडले नसते. टोन नावाचा एक आयरिश लष्करी माणूस अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या चाकरीत होता. त्याने लिहून ठेवले आहे की, पुण्यात रात्री दहा वाजता तोफ होते, आणि त्यानंतर जो कोणी रस्त्यावर सापडेल त्याला गस्तवाले धरून नेतात. सकाळी कोतवालापुढे उभा राहिल्यावरच त्याची सुटका होते. ही शिस्त इतकी कडक की, अवेळी बाहेर पडलेल्या खुद्द पेशव्यालाही एकदा रात्रभर अडकून पडावे लागले, असेही तो सांगतो. गोष्ट खरी असेल किंवा चावडीवरच्या शिपायांनी परक्या माणसाला रंगवून सांगितलेली असेल. परंतु अशी गोष्ट शहरात बोलली जात होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

आज तोफ नाही. तिच्या जागी चौकाचौकांत कॅमेरे आले आहेत, तडीपारीच्या याद्या निघतात, रात्रीच्या गस्तीची मोजदाद होते, आणि एखादा भयंकर गुन्हा घडला की, 'पोलिसांना मोकळा हात द्या' अशी मागणी आणि 'पोलिसांचा हात आवरा' अशी मागणी एकाच आठवड्यात ऐकू येते. हा वाद आजचा आहे असे आपण समजतो. आमच्या मते तो पुण्यात निदान अडीचशे वर्षे चालू आहे, आणि म्हणूनच त्याचा निवाडा करण्यापूर्वी जुने दप्तर उलगडून पाहणे इष्ट आहे.

आरंभीच दोन शब्द वेगळे करून ठेवू. एक 'बंदोबस्त' आणि दुसरा 'निर्धास्तपणा'. बंदोबस्त सरकार ठेवते. त्याला शिपाई लागतात, पैसा लागतो, हुकूम लागतात, आणि तो किती आहे हे मोजून सांगता येते. निर्धास्तपणा प्रजेच्या मनात असतो. तो मोजणे कठीण, पण तो आहे की नाही हे लहान मुलालाही कळते. बंदोबस्त वाढला की निर्धास्तपणा आपोआप वाढतो, असे सर्व काळच्या कारभाऱ्यांनी गृहीत धरले आहे. पुण्याचा इतिहास मात्र या गृहीताला पदोपदी अडवितो.

पेशवाईतील पुण्याचा कोतवाल म्हणजे आजच्या पोलीस आयुक्तापेक्षा कितीतरी मोठा असामी. चोरांचा तपास आणि रात्रीची गस्त हे त्याचे काम होतेच, पण पेठांतील किरकोळ तंटे तोडणे, बाजारातील निरख ठरविणे, वजनमापांवर नजर ठेवणे, घरजमिनीच्या खरेदीविक्रीची नोंद करणे आणि शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची टिपणी ठेवणे हेही त्याच्याच चावडीकडे. थोडक्यात, आज पोलीस, महापालिका, दुय्यम निबंधक आणि कनिष्ठ न्यायालय यांच्यात वाटली गेलेली सत्ता एका माणसाच्या शिक्क्याखाली होती. १७७७ साली हा शिक्का घाशीराम सावळदास याच्या हाती आला आणि तो १७९१ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, त्याच्याच हाती राहिला. वर नाना फडणविसांची मर्जी होती. खाली शहर होते. मधे विचारणारा कोणी नव्हता.

येथे घाशीरामाची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही, परंतु न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कोतवाली म्हणून पाहिली तर पुण्याची ती व्यवस्था ढिसाळ नव्हती. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ साली एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात कोतवालीचा खर्च दरमहा नऊ हजार रुपये होता असे नमूद केले आहे. त्यात प्यादे होते, गस्तीचे स्वार होते, आणि रामोशी तर पुष्कळच होते. शहरात दांडगाईचे दरवडे व खून क्वचित होत, असाही त्याचा अभिप्राय आहे. जिंकलेल्या राज्याची स्तुती करण्याचे एल्फिन्स्टनला काही कारण नव्हते. तेव्हा कडक कोतवाली फुकट गेली असे म्हणणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. चोरांना तिचा धाक होता. प्रश्न असा की, तो धाक चोरांपुरताच राहिला का?

ऑगस्ट १७९१ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. श्रावणातील दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यास येत. त्यांत तेलंगणातून आलेली एक टोळी होती. चोरीच्या संशयावरून कोतवालाच्या माणसांनी त्यांना धरले आणि एका कोंदट जागेत कोंडून वर कुलूप घातले. पावसाळ्याचे दिवस, माणसे तीसाहून अधिक, आणि आत वारा नाही. मानाजी फाकडे याच्या कानावर तो आक्रोश गेला आणि त्याने कुलूप मोडविले, तोवर आतील वीसाहून अधिक माणसे गुदमरून मेली होती. शहर खवळले. नानांच्या वाड्यासमोर जमाव उभा राहिला. प्रथम कोतवालाच्याच सांगण्यावर भिस्त ठेवणाऱ्या नानांनी अखेर त्याला जमावाच्या स्वाधीन केले. हत्तीवरून धिंड निघाली आणि ३१ ऑगस्ट रोजी लोकांनी दगडांनी ठेचून त्याचा जीव घेतला.

ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोरोबा कान्होबा विजयकरांनी १८६३ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या नाटकाने ती देशोदेशी नेली. पण नाटक पाहून आपण घरी येतो तेव्हा बहुधा घाशीरामाचा क्रूरपणा किंवा नानांचे कारस्थान यांचीच चर्चा करतो. इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. चौदा वर्षे शहरात कुरबुर होती, परंतु कोतवालाविरुद्ध फिर्याद न्यावी अशी जागा शहरात नव्हती. फिर्याद कोतवालाकडेच करावयाची आणि तिचा निकालही त्यानेच द्यावयाचा. जेथे तक्रारीला दार नसते तेथे ती साचत जाते, आणि साचलेली तक्रार एके दिवशी दगड होऊन बाहेर पडते. त्या दिवशीही न्याय झाला असे आम्हांस म्हणवत नाही. चौकशी नाही, जबानी नाही, कोणाच्या हुकुमाने काय घडले याचा छडा नाही. कुलूप कोणी लावले, किल्ली कोणाकडे होती, पहारेकऱ्यांनी आरडाओरडा ऐकून कोणाला कळविले, हे प्रश्न विचारले गेले असते तर पुढच्या कोतवालासाठी काही नियम झाला असता. तसे झाले नाही. घाशीराम गेला आणि तोफ राहिली. टोनने तिचे वर्णन लिहिले ते घाशीरामाच्या मृत्यूनंतर, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माणूस बदलला, पद्धत तशीच चालली.

इंग्रजी अंमल आला तेव्हा पद्धत बदलेल असे वाटणे साहजिक होते. कोतवालीच्या हातातील न्यायाची आणि कराची कामे हळूहळू काढून घेतली गेली आणि पोलीस हे स्वतंत्र खाते बनले, हा बदल मोठाच होता. खेड्यापाड्यांत मात्र जुनी जबाबदारीची साखळी तुटली. पूर्वी गावात चोरी झाली तर पाटील आणि जागल्या यांनी माग काढावयाचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन पोचविला की जबाबदारी त्या गावाची. माल मिळाला नाही तर भरपाईचा बोजा जागल्यावर आणि गावावर. ही पद्धत निर्दोष नव्हती, परंतु राखणदार कोणाला बांधलेला आहे हे तिच्यात स्पष्ट होते. नव्या राज्यात अनेक रामोश्यांची वतने आणि हक्क गेले, आणि राखणदारांतूनच बंडखोर निर्माण झाले. उमाजी नाईक हा त्यांचा शिरोमणी. सरकारने त्याला माफी देऊन काही काळ त्याच्याकडेच मुलखाच्या राखणीचे काम सोपविले होते. पुढे पुन्हा बिनसले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले. एकाच माणसाला पोलीस आणि दरवडेखोर या दोन्ही नावांनी सरकारदप्तरात जागा मिळावी, यावरून बंदोबस्ताचा पाया किती डळमळीत होता हे दिसते.

यानंतर आपण १८९७ सालाकडे येऊ, कारण पुणेकरांच्या आठवणीत ते साल घाशीरामाइतकेच खोल रुतलेले आहे. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड याच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली गेली आणि मार्चपासून गोरे शिपाई घरोघर रोगी शोधू लागले. रोग खरा होता आणि त्याला आवर घालण्याची निकडही खरी होती, हे विसरता कामा नये. परंतु देवघरात बूट गेले, बायामाणसांच्या अब्रूचा प्रश्न निघाला, सामान रस्त्यावर फेकले गेले, आणि या गोष्टींची दाद मागावी कोठे हे कोणाला कळेना. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे शिपायांच्या वर्तनावर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी नावानिशी पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली, आणि त्या माफीचा डाग त्यांना पुढे फार दिवस सलत राहिला. आरोप सर्वच्या सर्व खोटे होते असे यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, भ्यालेल्या शहरात साक्षीदार मिळत नाही.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मग जे झाले ते पोलिसी 'उपाययोजने'चे एक प्रकरणच आहे. १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्यात एक कलम होते. ज्या गावात अशांतता असेल तेथे जादा पोलीस ठेवावेत आणि त्यांचा खर्च तेथल्याच रहिवाशांकडून वसूल करावा. पुण्यावर असे दंडाचे पोलीस बसविण्यात आले. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून अटकेत ठेवले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. कलेक्टर लँब याने शहरातील पुढाऱ्यांना बोलावून भर सभेत दम भरला. ६ जुलैच्या 'केसरी'ने अग्रलेखाच्या मथळ्यातच सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा सवाल केला. तो मथळा आपण आजही म्हणीसारखा वापरतो. मात्र तो पोलिसी धोरणावरच्या एका वादातून जन्माला आला, हे आपण विसरलो आहो. वादाचा मुद्दा साधा होता. एका गुन्ह्यासाठी सबंध शहराला दंड केल्याने गुन्हेगार सापडतो का?

सापडला तो त्या दंडाने नव्हे. वीस हजार रुपयांचे इनाम लागले, ब्रुइन नावाच्या अधिकाऱ्याने तपासाचे धागे जुळविले, आणि द्रविड बंधूंनी खबर दिली, त्यातून दामोदर चापेकरांचा माग लागला. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. पुढे फेब्रुवारी १८९९ मध्ये त्याच द्रविड बंधूंचा सदाशिव पेठेत खून झाला. चापेकरांविषयी आपल्या मनात जो आदर आहे त्याला बाधा न आणता येथे पोलिसी कामाविषयी एक निरीक्षण करता येते. सरकारला सबंध शहराकडून पैसे वसूल करता आले, परंतु ज्यांनी त्याला खबर दिली त्या दोघांचे प्राण त्याला राखता आले नाहीत. बंदोबस्त शहरभर पसरला होता, पण नेमका जेथे हवा तेथे तो नव्हता.

इंग्रज सरकारलाही हे उमगत होते. १९०२ साली कर्झनने अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन नेमले. पोलीस अकार्यक्षम आहेत, त्यांचे शिक्षण अपुरे आहे, वरिष्ठांची देखरेख सैल आहे, आणि लोक त्यांना लाचखाऊ व जुलमी समजतात, असा निर्वाळा सरकारनेच नेमलेल्या या कमिशनने दिला. त्याने पगार वाढविण्याची शिफारस केली आणि गुन्हे अन्वेषणाचे स्वतंत्र खाते सुचविले. दोन्ही गोष्टी योग्य होत्या. ज्या शिपायाच्या पगारात त्याचे घर चालत नाही, त्याच्या हाती शहराची राखण देणे म्हणजे उपाशी माणसाला मुदपाकखान्यावर नेमण्यासारखे आहे. पण पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांबाहेरच्या कोणी करावी, हा विचार रुजावयाला त्यानंतर शंभर वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई पोलीस कायदा झाला. आज त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस कायदा असे आहे. स्वराज्याच्या या कायद्यातही जादा पोलिसांचा खर्च रहिवाशांवर बसविण्याची जुनी तरतूद टिकून राहिली. त्याच्या सोबत एक फार जुने शस्त्र नव्या धारेने आले, ते म्हणजे तडीपारी. तडीपार म्हणजे काठापलीकडे घालविणे. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यावयास लोक भितात अशा गुंडाला, कोर्टात गुन्हा शाबीत न करताही, जास्तीत जास्त दोन वर्षे जिल्ह्याबाहेर घालविता येते. त्याला नोटीस द्यावी लागते आणि त्याचे म्हणणे ऐकावे लागते, परंतु त्याच्याविरुद्ध कोण बोलले हे त्याला सांगावे लागत नाही. हरी खेमू गवळी खटल्यात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार घटनेला धरून आहे असा निकाल दिला. मात्र तो एकमताचा नव्हता. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांचे मत विरुद्ध पडले. दोन्ही बाजूंना वजन आहे. ज्या वस्तीत एका दादाच्या भीतीने बायका संध्याकाळी नळावर जात नाहीत, तेथे साक्षीदार येईपर्यंत थांबा असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. उलट, ज्याला आपल्यावरील आरोप कोणाचा हे कळत नाही त्याला बचाव तरी काय करता येणार? शिवाय पुण्यातून घालविलेला गुंड कोठे तरी राहणारच. पुणेकरांचा निर्धास्तपणा साताऱ्याच्या किंवा नगरच्या माथी मारून आपण फार तर मुदतीचे कर्ज काढलेले असते.

१ जुलै १९६५ रोजी पुण्यास पोलीस आयुक्तालय आले. पूर्वी जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आणि जिल्हा दंडाधिकारी हे दोन वेगळे अधिकारी होते. जमावबंदी, मिरवणुकीची परवानगी, हद्दपारी अशा गोष्टींत दंडाधिकाऱ्याची सही लागे. आयुक्तालयात हे अधिकार पोलिसांकडेच येतात. वाढत्या शहरात निर्णय तातडीने व्हावे, दोन कचेऱ्यांत कागद फिरत राहू नयेत, हे आयुक्तालयाच्या बाजूने म्हणता येते, आणि ते बरोबर आहे. परंतु पकडणारा आणि हुकूम देणारा एकच झाला की बाहेरून विचारणारा कोणी उरला पाहिजे, हा कोतवालीचा धडाही तितकाच बरोबर आहे. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे झाले. म्हणजे शहर वाढले तशी कोतवालीही वाढली आणि विभागली. धडा मात्र तोच राहिला.

या धड्याची कसोटी १९७६ साली लागली. आपल्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. देशात आणीबाणी होती. 'मिसा'खाली वाटेल त्याला चौकशीवाचून स्थानबद्ध करता येत होते, येरवड्याचा तुरुंग राजकीय कैद्यांनी भरला होता, वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते. पोलिसांचा हात याहून मोकळा स्वतंत्र हिंदुस्थानात कधीच नव्हता. आणि नेमक्या याच काळात, जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत, पुण्यात एकामागून एक दहा खून पडले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने ते प्रकरण महाराष्ट्राला परिचित आहे. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडू लागले, दाराला आतून दुहेरी कड्या बसल्या, ओळखीचा आवाज आल्याशिवाय दार उघडेनासे झाले. तोफेवाचूनच शहरात तोफेनंतरची शांतता आली. पुढे चार तरुण विद्यार्थी पकडले गेले, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांना येरवड्यात फाशी झाली.

त्यांना पकडले कसे? मार्च १९७७ मध्ये नदीत एक प्रेत सापडले. ते बांधलेल्या दोरीचा विचार झाला, मृताच्या मित्रांच्या जबान्या घेतल्या गेल्या, त्यांतील विसंगती टिपल्या गेल्या, आणि धागा उलगडला. अमर्याद अधिकाराची यात गरज पडली नाही. गरज पडली ती चिकाटीने विचारलेल्या प्रश्नांची आणि बारकाईने पाहणाऱ्या डोळ्यांची. अधिकाराचे प्रमाण आणि नागरिकाचा निर्धास्तपणा यांचा सरळ हिशेब लागत नाही, हे दाखविणारे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांस पुण्याच्या इतिहासात दुसरे सापडत नाही.

आता कॅमेऱ्यांकडे वळू. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि सतरा माणसे मृत्युमुखी पडली. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर स्फोटांची मालिका झाली. शहरभर कॅमेरे हवेत ही मागणी यातून बळावली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळील पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्या वेळी मिळालेली चित्रे धूसर निघाली. तपास पुणे पोलिसांकडून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि जवळजवळ अकरा वर्षांनी, १० मे २०२४ रोजी, पुण्याच्या सत्र न्यायालयाने पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष सोडले. या खटल्यात न्यायालयात उभे राहून मारेकऱ्यांना ओळखणाऱ्यांमध्ये महापालिकेचा एक सफाई कामगार होता. तो त्या सकाळी आपले झाडण्याचे काम करीत होता. यंत्राला जे स्पष्ट दिसले नाही ते त्याला दिसले, आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे, वर्षानुवर्षे लोटल्यावरही ते सांगण्यास तो कचरला नाही. गोखल्यांना १८९७ साली जो साक्षीदार मिळाला नाही तो हा.

कॅमेरे निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परदेशांत याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. वाहनतळावरच्या चोऱ्या कॅमेऱ्याने कमी होतात, रस्त्यावरची मारामारी फारशी कमी होत नाही, असे त्यातून दिसते. गस्तीविषयीही असाच अनुभव आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ साली एक प्रयोग झाला. काही भागांत मोटारगस्त दुपटीहून अधिक केली, काही भागांत अजिबात बंद केली, काही ठिकाणी होती तशी ठेवली. वर्षअखेर गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही. पुढे नेवार्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला. तेथेही गुन्हे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली, कारण पायी फिरणारा शिपाई लोकांच्या ओळखीचा झाला. तसेच, जेथे गुन्हे वारंवार घडतात अशा मोजक्या चौकांवर लक्ष एकवटले तर गुन्हे कमी होतात, असे त्यानंतरचे प्रयोग सांगतात. सारांश, सर्वत्र थोडा बंदोबस्त ठेवण्यापेक्षा नेमक्या ठिकाणी ओळखीचा माणूस असावा, हे बरे.

आपल्या पेठांतील चौकी म्हणजे जुन्या चावडीचीच वंशज. तिचे महत्त्व २७ जून २०२३ रोजी पुन्हा कळले. सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. रस्त्यावरच्या तरुणांनी जीव धोक्यात घालून हल्लेखोराला धरले आणि तिला वाचविले. जवळच्या चौकीत त्या वेळी पोलीस जागेवर नव्हते, म्हणून तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या सुमारास कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या पोरांचा शहरात सुळसुळाट झाला होता. अशा पोरांना पकडल्यावर त्यांच्याच वस्तीतून त्यांना फिरविण्याचे प्रकार घडले, आणि पुष्कळांनी त्याला टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांमागची चीड आम्हांस समजते. पण धिंड पुण्याने पूर्वी पाहिली आहे. धिंड निघाली की पाहणाऱ्यांचे समाधान होते आणि चौकशी मागे पडते. चौकीत माणूस का नव्हता, हा प्रश्न धिंडीने सुटत नाही.

शेवटी कुलपाकडे येऊ. १७९१ साली जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो गेल्या तीस वर्षांत न्यायालयांनी विचारावयास सुरुवात केली. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. पकडणाऱ्याने आपली ओळख दाखवावी, अटकेची टिपणी करावी, घरच्यांना कळवावे. २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश झाला, आणि महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात तशी दुरुस्ती केली. डिसेंबर २०२० मध्ये तर प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे बसवावेत असे न्यायालयाने फर्माविले. रस्त्यावरचा कॅमेरा आपल्याला पाहतो. ठाण्यातला कॅमेरा आपल्या वतीने पाहावा अशी अपेक्षा आहे. हे नियम कागदावर किती आणि ठाण्यात किती, हे पाहणे मात्र न्यायालयाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही.

ते काम आपले आहे, आणि ते फार अवघड नाही. फिर्याद नोंदविल्यावर तिची प्रत फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे, ती मागून घ्यावी. ठाण्याची हद्द आपली नाही म्हणून फिर्याद नाकारता येत नाही, हे शेजाऱ्यालाही सांगावे. आपल्या चौकीवरच्या शिपायाचे नाव ठाऊक असावे. गणपतीच्या विसर्जनाला जो दिवस-रात्र पायावर उभा असतो, त्याच्या कामाच्या तासांचा प्रश्नही आपण विचारावा, कारण थकलेला आणि वैतागलेला राखणदार कोणाच्याच हिताचा नसतो. आणि समोर काही घडले, तर त्या सफाई कामगाराप्रमाणे जबानी द्यावी.

कडक कोतवाल हवा की सौम्य, हा वाद आपण यापुढेही घालू. खुशाल घालू. आमचे म्हणणे इतकेच की, त्या आधी कोतवालाला विचारणारे कोणी आहे की नाही, हे पाहून घ्यावे. मानाजी फाकड्याने कुलूप मोडविले तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या कानावर ती हाक एक प्रहर आधी गेली असती, आणि ती नेण्याची वाट शहरात कोणी ठेवली असती, तर त्या श्रावणात परगावाहून आलेली ती माणसे दक्षिणा घेऊन आपापल्या गावी परत गेली असती.